करावियीन : फेझमधल्या एका मशिदीची साडेअकराशे वर्षांची वाटचाल

मोरोक्कोतल्या फेझ शहरात राजवाड्यांची वाण नाही. मरिनी सुलतानांनी १२७६ मध्ये जुन्या शहराशेजारी एक नवे शहरच वसवले, ते मुख्यतः आपला राजवाडा, आपला दरबार आणि आपले सैन्य यांच्यासाठी. 'नवे फेझ' हेच त्याचे नाव आजही चालते. एकोणिसाव्या शतकात सुलतान पहिल्या हसनने दार बथा हा वाडा बांधायला घेतला, त्याच्या मुलाने तो १९०७ मध्ये पुरा केला आणि १९१५ पासून तिथे संग्रहालय आहे. वजिरांचे आणि सरदारांचे वाडे तर गल्लोगल्ली आढळतात. पण फेझची हकिगत राजवाड्यांपासून सांगायला घेतली की ती अर्ध्यावर तुटते, कारण राजवाडा त्याच्या धन्याबरोबर चढतो आणि धन्याबरोबर उतरतो. जुन्या शहराच्या पोटात, दुकानांच्या दाटीत उभी असलेली करावियीन मशीद मात्र इद्रिसी, झनाता, अल्मोराविद, अल्मोहाद, मरिनी, सादी, अलावी आणि शेवटी फ्रेंच अशा सगळ्यांचा अंमल पाहून अजून चालू आहे. एवढे धनी बदलले तरी ती टिकली. त्याचे कारण तिच्या कमानींपेक्षा तिच्या जमाखर्चात शोधावे, असे मला वाटते.

शहर इद्रिसी घराण्याने वसवले. पहिल्या इद्रिसने ७८९ मध्ये नदीच्या उजव्या काठावर वस्ती केली आणि त्याच्या मुलाने वीस वर्षांनी डाव्या काठावर दुसरी. ८१८ मध्ये स्पेनमधल्या कोर्दोबात एका उपनगराने बंड केले. ते मोडून काढल्यावर हाकलून दिलेली कुटुंबे फेझला येऊन उजव्या काठावर राहिली. डाव्या काठावर ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेली माणसे स्थिरावली. कैरवानच्या या मंडळींवरूनच मशिदीला नाव मिळाले.

त्यांच्यात मुहम्मद अल्-फिहरी हा एक श्रीमंत व्यापारी होता. त्याच्या पश्चात फातिमा आणि मरियम या मुलींना मोठा वारसा मिळाला. दोघींनी तो मशिदींवर खर्च केला. फातिमाने डाव्या काठावर करावियीन बांधली, मरियमने समोरच्या काठावर अंदलुसियीन. इब्न अबी झर याने चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात लिहिलेल्या 'रौद अल्-किर्तास' या बखरीत ही कथा आहे. हिजरी २४५ च्या, म्हणजे इ.स. ८५९ च्या रमझानमध्ये काम सुरू झाले आणि ते पुरे होईपर्यंत फातिमाने रोजे सोडले नाहीत. बांधकामाचे सामानही तिने विकत घेतलेल्या त्याच जमिनीतून खणून काढले आणि पाण्यासाठी विहीर तिथेच पाडली. दुसऱ्या कुणाचा हक्क लागलेली संशयाची वस्तू या वास्तूत येऊ नये, हा तिचा कटाक्ष होता.

ही बखर मशिदीच्या आरंभानंतर साडेचारशे वर्षांनी लिहिलेली आहे. विसाव्या शतकात डागडुजी चालू असताना जुन्या मिहराबच्या, म्हणजे नमाजाची दिशा दाखवणाऱ्या कोनाड्याच्या, वर देवदाराची एक कोरीव फळी सापडली. तिच्यावर कूफी अक्षरात हिजरी २६३, म्हणजे इ.स. ८७७ हे वर्ष आहे आणि बांधणाऱ्याचे नाव दावूद इब्न इद्रिस असे आहे. त्यावरून काही अभ्यासक फातिमाची कथा नंतरची मानतात. मला या दोन गोष्टी एकमेकींना खोडणाऱ्या वाटत नाहीत. खाजगी पैशाने उभ्या राहिलेल्या मशिदीत राजपुत्राने भर घालून आपले नाव कोरावे, हे पुढे याच इमारतीत अनेकदा घडले आहे. आणि साडेचारशे वर्षांनंतरही फेझच्या लोकांना आपल्या सर्वांत मोठ्या मशिदीचा आरंभ एका बाईच्या वारशात सापडावा, हेही दुर्लक्ष करण्याजोगे नाही.

आरंभीची वास्तू लहान होती. दहाव्या शतकात इद्रिसांच्या जुन्या मशिदीतला शुक्रवारचा खुत्बा, म्हणजे प्रवचन, इकडे आला आणि करावियीन शहराची मुख्य मशीद झाली. त्या काळी फेझवर झनाता टोळ्यांचे अमीर होते आणि त्यांची निष्ठा कोर्दोबाच्या खलिफाला वाहिलेली होती. खलिफा तिसऱ्या अब्द अर्-रहमानने धाडलेल्या पैशातून ९५६ मध्ये मशीद वाढली आणि चौकोनी मिनार उभा राहिला. पांढरा, साधा, अंगावर फारशी नक्षी नसलेला तो मिनार आज हजाराहून अधिक वर्षांचा आहे. फेझमधले इतर बरेच मिनार रंगीत फरशांनी मढलेले आहेत. त्यांच्यात हा मला सर्वांत देखणा वाटतो.

आजचा आकार मात्र अल्मोराविदांनी दिला. सुलतान अली इब्न युसुफच्या काळात, ११३४ मध्ये काम निघाले आणि दहा वर्षे चालले. बखर सांगते की या विस्ताराला दरबारच्या खजिन्यातून नव्हे, मशिदीच्या स्वतःच्या वक्फच्या, म्हणजे देवाच्या नावे लावून दिलेल्या मिळकतींच्या, उत्पन्नातून पैसा आला. काझीने विश्वस्तांकडून हिशेब मागितला, त्यांच्याकडे अडकलेली रक्कम वसूल केली आणि भोवतालची घरे विकत घेऊन मशीद वाढवली. मिहराबकडे जाणाऱ्या मधल्या वाटेवर मुकर्नसचे, म्हणजे एकावर एक रचलेल्या बारीक कोनाड्यांचे घुमट चढले. ११४४ मध्ये हस्तिदंत आणि मौल्यवान लाकूड जडवलेला मिंबर, म्हणजे प्रवचनाचे व्यासपीठ, तयार झाला. तो अजूनही मशिदीत आहे.

काम पुरे होते न होते तोच अल्मोराविदांचे राज्य बुडाले. विजयी अल्मोहाद साधेपणाचे कट्टर पुरस्कर्ते होते. ते फेझमध्ये शिरणार हे कळताच शहरातल्या विद्वानांना धास्ती पडली की मिहराबभोवतीचा सोनेरी, रंगीत थाट पाहून हे भडकतील. म्हणून आदल्या रात्रीत गवंडी आत शिरले, नक्षीवर कागद चिकटवला, वरून गिलावा केला आणि चुना फासला. सकाळी खलिफाला दिसल्या त्या पांढऱ्या भिंती. तो गिलावा पुढे आठशे वर्षे तसाच राहिला आणि विसाव्या शतकात खरवडल्यावर खालचे कोरीवकाम बाहेर आले. सत्ताधीशाशी भांडायचे नाही, त्याच्या धाकाने वस्तू फोडायचीही नाही, फक्त झाकून ठेवायची. या संस्थेचा स्वभाव मला त्या एका रात्रीत दिसतो.

त्याच अल्मोहादांनी पुढे १२०३ च्या सुमारास मशिदीला पाचशेहून अधिक दिव्यांचे प्रचंड पितळी झुंबर दिले. तिथल्या दुसऱ्या काही दिव्यांचा इतिहास आणखी वेगळा आहे. मरिनींनी १३३३ मध्ये जिब्राल्टर जिंकले तेव्हा चर्चमधल्या घंटा फेझला आणल्या. मशिदीत घंटा वाजत नाही, म्हणून कारागिरांनी घंटेभोवती पितळेची जाळीदार चौकट बांधून तिचा दिवा केला आणि तो छताला टांगला. वसईच्या १७३९ च्या विजयानंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा आपल्याकडे देवळांत आल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या मंदिरातली घंटा सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्याकडे घंटा वाजत राहिल्या, फेझमध्ये त्या उजेड देऊ लागल्या.

मशीद म्हणजे नमाजाची जागा एवढेच ध्यानात धरले तर करावियीनचा पुष्कळसा कारभार नजरेतून सुटेल. मिनाराजवळच्या खोलीत मुवक्कित बसे. वेळ मोजणे हे त्याचे पगारी काम. १२८६ मध्ये तिथे पाण्यावर चालणारे घड्याळ बसवले गेले आणि १३६१ मध्ये अल्-लजाई याने दुसरे केले. त्याचे अवशेष अजून आहेत. नमाजाची वेळ झाली की मिनारावर दिवसा निशाण आणि रात्री कंदील चढे. तो पाहून शहरातल्या इतर मशिदींतून अजान सुरू होई. शेकडो मशिदींच्या शहराने एकाच घड्याळावर चालावे, अशी ती व्यवस्था होती.

फेझमधली आणखी एक नेमणूक मला विशेष वाटते. तिथे काही मुअज्जिन 'आजाऱ्यांचे सोबती' म्हणून ओळखले जात. रात्री सगळे शहर झोपले की ते पाळीपाळीने मिनारावर चढून प्रार्थना गात, ज्यांना दुखण्याने झोप लागत नाही त्यांना एकटे वाटू नये म्हणून. या कामासाठी कुणी तरी मिळकत लावून दिली होती आणि तिच्या उत्पन्नातून त्यांना मेहनताना मिळे.

इथेच त्या जमाखर्चाकडे यावे लागते. मोरोक्कोत वक्फला 'हबूस' म्हणतात. कुणी दुकान, कुणी भट्टी, कुणी हम्माम, कुणी जैतुनाची बाग देवाच्या नावे लावून देई. ती विकता येत नसे, वारसांत वाटता येत नसे. भाडे येत राही आणि दात्याने सांगितलेल्या कामाला जाई. एखाद्या सुलतानाने मोठी देणगी दिली तर लोक त्याचे नाव घेत, पण रोजचे तेल, चटया, डागडुजी, इमामाचा पगार आणि विद्यार्थ्यांची भाकरी या गल्लीबोळांतल्या भाड्यांतून निघत असे. मशिदीतल्या खांबाशी टेकून शिकवणाऱ्या शिक्षकाची खुर्ची, म्हणजे 'कुर्सी', हीदेखील स्वतंत्र वक्फची असे. अमुक खुर्चीवर अमुक ग्रंथ अमुक वेळी शिकवावा, असे दात्यानेच ठरवून ठेवलेले. राजा मारला गेला म्हणून त्या खुर्चीचे भाडे थांबत नसे.

मरिनींच्या काळात या विद्येला घर मिळाले. आधी शिकवणे मशिदीतच चाले आणि विद्यार्थी जागा मिळेल तिथे राहत. १२७१ मधला सफ्फारीन मदरसा, १३२५ मधला अत्तारीन, मग मिस्बाहिया आणि शेवटी १३५० ते १३५६ या काळातला बू इनानिया, असे मदरसे एकामागून एक उभे राहिले. ते मुख्यतः वसतिगृहेच होते. मधल्या चौकात संगमरवर, झेलिज फरशी, देवदाराचे छत असा थाट आणि वरच्या मजल्यावर मात्र एक माणूस जेमतेम मावेल अशा खोल्या. खोलीत शिरायचे तर आधीच्या विद्यार्थ्याकडून किल्लीचा हक्क विकत घ्यावा लागे आणि शिक्षण संपले की तो पुढच्याला विकायचा. अन्न म्हणून संस्थेकडून रोज एक भाकरी मिळे. बाकीचे घरून किंवा गावातल्या दयाळू कुटुंबांकडून यायचे. आपल्याकडे ज्यांनी वार लावून शिक्षण केले त्यांना हे परके वाटणार नाही. बू इनानियाचा खर्च हाताबाहेर गेला तेव्हा सुलतान अबू इनानने हिशेबाची वही नदीत फेकून दिली, सुंदर वस्तूला किंमत नसते म्हणाला, अशी दंतकथा फेझमध्ये सांगतात.

या अबू इनानने १३४९ मध्ये करावियीनला ग्रंथालय दिले. त्याच्याच दरबारात, दिल्लीच्या मुहम्मद तुघलकाची नोकरी करून आणि अर्धे जग हिंडून इब्न बतूता परतला. सुलतानाच्या हुकमावरून त्याने आपला प्रवास इब्न जुझय या लेखनिकाला सांगितला आणि १३५५ च्या डिसेंबरात ग्रंथ पुरा झाला. त्यात दौलताबादचा किल्ला आहे, तिथल्या गवय्यांचा बाजार आहे, वर्षातून दोनदा येणारी द्राक्षे आणि डाळिंबे आहेत. नंदुरबारचे मराठे कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात हुशार असतात, त्यांच्यातले वरच्या वर्गाचे लोक भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, असे त्यात नोंदलेले आहे. चौदाव्या शतकातल्या महाराष्ट्राचे हे वर्णन फेझमध्ये कागदावर उतरले.

अबू इनानने दुसऱ्या एका मोठ्या माणसाला मात्र तुरुंगात टाकले. तरुण इब्न खल्दूनवर कटाचा संशय आला आणि तो सुमारे एकवीस महिने कैदेत राहिला. १३५८ मध्ये सुलतानाला त्याच्याच वजिराने मारले तेव्हा त्याची सुटका झाली. पुढे तो कैरोला गेला, काझी झाला. १३९६ मध्ये त्याने आपल्या महान इतिहासग्रंथाची, 'किताब अल्-इबर'ची एक प्रत करावियीनच्या ग्रंथालयाला वक्फ म्हणून पाठवली. तिचा काही भाग अजून तिथे आहे. वक्फपत्रात अट आहे की ग्रंथ फक्त भरवशाच्या माणसाला, पुरेशी ठेव घेऊन आणि जास्तीत जास्त दोन महिन्यांसाठी द्यावा. ज्या शहराने कैद दिली त्याच शहरातल्या कपाटावर त्याचा विश्वास होता. राजवाड्यावर तो नव्हता, याची साक्ष त्याच्या राजांविषयीच्या लिखाणात पानोपानी मिळते.

सोळाव्या शतकात सादी सुलतान अहमद अल्-मन्सूरने ग्रंथालयाला नवी खोली जोडली. अंगणात दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या नाजूक खांबांच्या मंडपांपैकी एक मंडपदेखील त्याच्याच काळातला. ते पाहिले की ग्रानाडाच्या अल्हाम्ब्रातला सिंहांचा चौक आठवतो. याच मन्सूरने मराकेशमध्ये बदी नावाचा राजवाडा बांधला, इटलीहून संगमरवर आणवला. सुमारे शंभर वर्षांनी दुसऱ्या घराण्याच्या मौलाय इस्माइलने तो राजवाडा उपसून काढला आणि सामान आपल्या मेकनेसच्या बांधकामाकडे वळवले. बदीच्या आज फक्त मातीच्या भिंती उरल्या आहेत. करावियीनची खोली मात्र पुस्तकांसह आहे. एकाच माणसाने केलेल्या दोन गोष्टींचे हे दोन शेवट.

अलावी घराण्यातल्या अर्-रशीदने १६७० मध्ये शर्रातीन मदरसा बांधला. विद्यार्थ्यांच्या वसंतोत्सवाची प्रथाही त्याच्याच नावाशी जोडली जाते. दरवर्षी वसंतात विद्यार्थी आपला एक 'सुलतान' निवडत. पदाचा चक्क लिलाव होई आणि बोली सर्वांत वर नेणाऱ्याच्या डोक्यावर छत्री धरली जाई. नदीकाठी तंबू पडत, मिरवणूक निघे, खऱ्या सुलतानाकडून अन्न आणि भेटी येत. शेवटी या लटक्या सुलतानाला खऱ्या सुलतानाकडे एक मागणे मागता येई. बहुतेक जण घरच्यांना करमाफी मागत. ही प्रथा विसाव्या शतकापर्यंत चालली.

राजवाडा आणि मशीद यांचे नाते खेळापुरते नव्हते. सुलतानाला गादीवर बसण्यासाठी 'बैआ' लागे, म्हणजे उलेमांनी दिलेली निष्ठेची शपथ, आणि फेझच्या उलेमांच्या शपथेला देशात वजन होते. युरोपीय सत्तांपुढे नमणाऱ्या अब्द अल्-अझीझला दूर करून १९०८ च्या जानेवारीत त्यांनी त्याचा भाऊ अब्द अल्-हफीझ याला बैआ दिली, ती अटी घालून. परक्यांना दिलेल्या सवलती मागे घेण्याची अट त्यांत होती. अब्द अल्-हफीझला ती पाळता आली नाही. ३० मार्च १९१२ रोजी फेझचा तह झाला आणि मोरोक्को फ्रेंचांच्या संरक्षणाखाली गेला.

फ्रेंच रेसिडेंट जनरल ल्योते याने मुसलमानेतरांना मशिदींत जाण्यास बंदी केली. त्यामुळे करावियीन आतून तशीच राहिली, पण तिची मुळे सैल झाली. हबूसच्या कारभारावर सरकारी देखरेख आली. १९३० च्या दशकाच्या आरंभी अभ्यासाचे तीन टप्पे पडले, परीक्षा आल्या, शिक्षकांना सरकारी पगार सुरू झाला. सुधारणांची गरज खरी होती. व्याकरण आणि फिकह, म्हणजे धर्मकायदा, यांच्या पलीकडचे पुष्कळसे ज्ञान तोवर अभ्यासातून गळून पडले होते. पण पगार देणारा बदलला की शिक्षकाचे उत्तरदायित्वही बदलते.

तरीही राजकारणाची ऊर्जा इथूनच येत राहिली. रिफच्या डोंगरात स्पॅनिश फौजेला धूळ चारणारा अब्द अल्-करीम इथे शिकलेला. बर्बर टोळ्यांना शरियतच्या न्यायालयांपासून वेगळे काढणाऱ्या १९३० च्या बर्बर फर्मानाविरुद्ध 'या लतीफ' ही संकटकाळची प्रार्थना देशभरच्या मशिदींत घुमली, त्यात करावियीन अग्रभागी होती. इथेच शिकलेला आणि इथेच शिकवणारा अल्लाल अल्-फासी इस्तिकलाल पक्षाचा नेता झाला आणि त्याने गॅबोनमध्ये नऊ वर्षे हद्दपारी भोगली. १९४० च्या दशकात विद्यार्थिनींना प्रवेश मिळाला. ज्या संस्थेचा उगम एका बाईच्या वारशात सांगतात, तिथे हे घडायला जवळजवळ अकराशे वर्षे लागली, ही गोष्ट तिच्या गौरवगाथेत दडवून ठेवू नये.

स्वातंत्र्यानंतर १९५७ मध्ये गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि परकीय भाषा अभ्यासात आल्या. १९६३ मध्ये करावियीन सरकारी विद्यापीठ झाली. शिकवण्याचे मुख्य काम मशिदीतून शहरातल्या दुसऱ्या इमारतींत गेले आणि खांबाखांबांपाशी बसणाऱ्या हलका, म्हणजे गुरूभोवतीची वर्तुळे, ओस पडली. १९७५ मध्ये फेझला दुसरे आधुनिक विद्यापीठ निघाले. सामान्य विषय तिकडे गेले आणि करावियीनकडे धर्मशास्त्र आणि अरबी विद्या उरली. १९८८ मध्ये हसन दुसरा याने मशिदीत पारंपरिक शिकवणे पुन्हा सुरू करवले. २०१५ च्या फेररचनेत विद्यापीठ धर्म आणि हबूस खात्याकडे आले. जगातले सर्वांत जुने, अखंड चालू असलेले विद्यापीठ म्हणून गिनीज बुकात तिची नोंद आहे. युरोपीय अर्थाने ती विद्यापीठ होती का, यावर वाद घालणारे घालोत. पोप दुसरा सिल्व्हेस्टर इथे शिकला, अशी कथाही हौसेने सांगतात. तिला आधार नाही आणि करावियीनला तिची गरजही नाही.

१९८१ मध्ये युनेस्कोने जुन्या फेझला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. ग्रंथालयाच्या जीर्णोद्धाराची पाळी २०१२ मध्ये आली. काम फेझमध्येच जन्मलेल्या वास्तुविशारद अझीझा शौनी यांच्याकडे होते. भिंतींत ओल भरलेली, खाली जुन्या शहराचे पाणी वाहत होते आणि वर सुमारे चार हजार हस्तलिखिते. त्यांत नवव्या शतकातले कूफी लिपीतले कुराण आहे आणि हरणाच्या कातड्यावर लिहिलेला इमाम मालिक यांचा 'मुवत्ता' आहे. फरशीखालून पाणी वळवण्यासाठी नवे नाले काढले, हस्तलिखितांच्या खोलीत तापमान आणि दमटपणा ताब्यात ठेवणारी यंत्रे बसवली, पाने दुरुस्त करायला प्रयोगशाळा केली. पूर्वी हस्तलिखितांच्या दाराला चार कुलपे होती आणि चार किल्ल्या चार वेगवेगळ्या माणसांकडे असत. चौघे एकत्र आल्याशिवाय दार उघडत नसे. जीर्णोद्धार झालेले ग्रंथालय २०१६ मध्ये तयार झाले.

मशिदीत मुसलमानेतरांना आजही जाता येत नाही. उघड्या दारांतून अंगण आणि कारंजे तेवढे दिसते. पण शेजारचा अत्तारीन मदरसा सर्वांना खुला आहे, बू इनानियाही आहे आणि दार बथा राजवाड्यातल्या संग्रहालयात मरियमच्या अंदलुसियीन मशिदीचा दहाव्या शतकातला लाकडी मिंबर आहे. फेझला जाणाऱ्या मराठी प्रवाशांनी नव्या फेझच्या राजवाड्याच्या पितळी दारांपुढे फोटो जरूर काढावेत. ती दारे १९७० च्या सुमाराची आहेत. मग अर्धा दिवस तरी या मदरशांसाठी राखावा आणि वरच्या मजल्यावर जाऊन एका भाकरीवर शिकणाऱ्या पोरांच्या त्या खोल्या पाहाव्यात.